टाउनक्रायर आणि लिहून ठेवलेल्या पायऱ्या: नऊ महिने वापरल्यानंतर

रक्कम आकड्यांत दिली की अक्षरांत लिहून देणारी एक छोटी पायथन लायब्ररी आम्ही तिघं मिळून सांभाळतो. १,२५,००० दिले की 'एक लाख पंचवीस हजार' मिळतं, एवढंच तिचं काम. पावत्या आणि चेक छापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती वापरली जाते. गेल्या वर्षापर्यंत रिलीज करायचं, म्हणजे नवी आवृत्ती प्रसिद्ध करायचं काम माझ्याकडे होतं आणि त्याच्या सगळ्या पायऱ्या माझ्या डोक्यात होत्या. नऊ महिन्यांपूर्वी आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या. बदलांच्या नोंदींसाठी टाउनक्रायर हे साधन घेतलं आणि 'रिलीज कसं करायचं' ही फाइल रेपोतच (कोड जिथे ठेवतो त्या साठ्यातच) ठेवली. तेव्हापासून पाच रिलीज झाली, त्यातली दोन मी केलेली नाहीत.

हे करावं लागलं ते १.४.० या आवृत्तीमुळे. मराठीत नव्व्याण्णवपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा शब्द असतो, त्यामुळे ते शब्द आम्ही वेगळ्या डेटा फाइलमध्ये ठेवतो. रिलीजच्या आधी मी फोल्डरची मांडणी बदलली आणि ती फाइल व्हीलमध्ये (इन्स्टॉल करायच्या तयार पॅकेजमध्ये) गेलीच नाही. टेस्ट मात्र सगळ्या हिरव्या होत्या, कारण त्या रेपोच्या आत चालत होत्या आणि तिथे फाइल जागेवरच होती. तासाभरात एकाने कळवलं की इन्स्टॉल होतं, पण पहिल्याच रकमेला एरर येतो. मी घाईघाईने पायपीआयवरून (पायथन पॅकेजं जिथून मिळतात त्या साइटवरून) ते व्हील काढून टाकलं आणि दुरुस्त केलेलं त्याच नावाने चढवायला गेलो. ते होत नाही. पायपीआयवर एकदा वापरलेलं फाइलचं नाव पुन्हा वापरता येत नाही, जुनी फाइल डिलीट केली तरीही. शेवटी १.४.१ काढावं लागलं. खरं तर अशा वेळी डिलीट न करता आवृत्ती 'यँक' करायची, म्हणजे मागे घेतल्याची खूण करायची असते. मग पिप, म्हणजे पॅकेज इन्स्टॉल करणारं साधन, ती आपणहून निवडत नाही, पण ज्यांनी आवृत्तीचा नेमका तोच आकडा लिहून ठेवलाय त्यांचं काम अडत नाही. हे मला त्या रात्री कळलं. आता आमच्या फाइलमध्ये 'काही बिघडलं तर' हा भाग सगळ्यात वर आहे, कारण त्या क्षणी कुणी खाली स्क्रोल करत बसत नाही.

आता टाउनक्रायरबद्दल. टाउनक्रायर म्हणजे गावात दवंडी देणारा. ट्विस्टेड या पायथन प्रकल्पाच्या मंडळींकडून आलेलं हे साधन पिप आणि टेस्ट चालवणारं पायटेस्ट हे प्रकल्पसुद्धा वापरतात. पद्धत सोपी आहे. प्रत्येक बदलासोबत एका ठरलेल्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल टाकायची. आम्ही तिला चिठ्ठी म्हणतो. नावात इश्यूचा (नोंदवलेल्या अडचणीचा किंवा मागणीचा) क्रमांक आणि बदलाचा प्रकार, आत एक-दोन वाक्यं. रिलीजच्या वेळी एक कमांड दिली की सगळ्या चिठ्ठ्या प्रकारानुसार चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) जातात आणि फोल्डर रिकामं होतं. आधी सगळे एकाच चेंजलॉगच्या वरच्या ओळीत लिहायचे आणि दर दुसऱ्या पुल रिक्वेस्टला (माझा बदल घ्या अशा विनंतीला) मर्ज कॉन्फ्लिक्ट यायचा, म्हणजे दोघांचे बदल एकमेकांवर आदळायचे. तो त्रास पूर्ण संपला.

पण माझ्या दृष्टीने खरा फायदा भाषेचा आहे. कमिट मेसेजवरून (कोडमधला बदल जतन करताना लिहिलेल्या ओळीवरून) आपोआप चेंजलॉग बनवणारी साधनंही आहेत, ती आम्ही मुद्दाम घेतली नाहीत. कमिटमध्ये लिहिलेलं असतं 'राउंडिंग दुरुस्त'. त्याच बदलाची चिठ्ठी अशी आली: '९९.९९५ दिल्यावर नव्व्याण्णव रुपये शंभर पैसे असं यायचं, आता शंभर रुपये येतं.' पावत्या छापणाऱ्या माणसाला यातलं दुसरं वाक्य हवं असतं. आणि ते बदल करणाऱ्यानेच, बदल ताजा असताना लिहिलेलं बरं. तीन महिन्यांनी मी त्याच्या वतीने लिहायला बसलो की अर्धं हरवलेलं असायचं.

अडचणीही आहेत. पहिल्यांदा कोड पाठवणाऱ्याला चिठ्ठी हा प्रकारच माहीत नसतो. टाउनक्रायरची तपासणी सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) लावली की चिठ्ठी नसलेली पुल रिक्वेस्ट लाल होते आणि नवा माणूस बिचकतो. स्पेलिंगची एक चूक सुधारायला आलेल्या मुलाला लाल फुली दिसावी हे मला पटेना. आता अशा छोट्या बदलांची चिठ्ठी आमच्यापैकीच कुणीतरी टाकतो. इश्यूच नसेल तर क्रमांकाच्या जागी अधिकचं चिन्ह लावून फाइलला नाव देता येतं, हे आम्हाला बरंच उशिरा सापडलं.

पायऱ्यांची फाइल मी एका बैठकीत लिहिली आणि ती पूर्ण झाली असं समजलो. मग नाशिकच्या सहकारी मैत्रिणीने ती समोर ठेवून १.५.० एकटीने काढलं आणि चौथ्याच पायरीला घोडं अडलं. मी लिहिलं होतं, 'टॅग करून पुश करा.' म्हणजे आवृत्तीची खूण लावून सर्व्हरवर पाठवा. तिने तसंच केलं, पण साध्या गिट पुशने टॅग जात नाही. तो वेगळा पाठवावा लागतो, आणि माझी बोटं ते न सांगता करायची. टॅग गेला नाही म्हणून पुढचं काहीच सुरू झालं नाही. तिने त्या ओळीच्या जागी अख्खी कमांड लिहिली. तेव्हापासून आमचा नियम आहे की रिलीज करणाऱ्यानेच, त्याच दिवशी फाइल दुरुस्त करायची. ज्यांना नमुना हवाय त्यांनी पायथनचा पेप १०१ हा दस्तऐवज वाचावा. पायथनचं स्वतःचं रिलीज कसं करायचं ते त्यात पायरी-पायरीने लिहिलंय.

१.४.० नंतर एक पायरी कायमची वाढली: तयार व्हील रेपोच्या बाहेर, कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनच्या वेगळ्या, रिकाम्या जागेत) इन्स्टॉल करून 'एकोणपन्नास' छापून बघायचं. आणखी एक निर्णय मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण वाचून घेतला. तिथे घातक कोड चालू करणारा तुकडा रिलीजच्या टारबॉलमध्ये (कोडच्या बांधलेल्या गठ्ठ्यात) होता, गिट रेपोत नव्हता. म्हणून आता कुणाच्याही लॅपटॉपवर बनलेलं पॅकेज आम्ही चढवत नाही. टॅगवरून गिटहब ॲक्शन्समध्येच (गिटहबच्या स्वयंचलित सेवेत) ते बनतं, दुसऱ्या सहकाऱ्याने मंजुरी दिल्यावरच पुढे जातं, आणि पायपीआयच्या ट्रस्टेड पब्लिशिंगमुळे कायमचा टोकन (पॅकेज चढवायची गुप्त किल्ली) कुठे साठवावा लागत नाही. फक्त वर्कफ्लोच्या (ॲक्शन्सच्या पायऱ्या लिहिलेल्या) फाइलचं नाव बदललं तर पायपीआयवरही ते बदलायला विसरू नका, नाहीतर ऐन वेळी नकार येतो.

वर्षाला दोन-चार बदल होणारा एकट्याचा प्रकल्प असेल तर टाउनक्रायरची गरज नाही, चेंजलॉग हाताने लिहा. पायऱ्यांची फाइल मात्र तेव्हाही लिहा. आमच्या फोल्डरमध्ये आत्ता सहा चिठ्ठ्या जमल्यात, आणि १.७.० आमच्यातला तिसरा काढणार आहे. त्याने आजवर एकदाही रिलीज केलेलं नाही. मी त्या दिवशी फोनवर असेन, पण त्याने विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही असं ठरलंय.