स्मोकलेस फायर पिट घेताय? बे एरियात (कॅलिफोर्नियातला सॅन फ्रान्सिस्कोभोवतीचा भाग) असाल तर आधी हे वाचा

गेल्या हिवाळ्यापासून वापरतोय, स्टेनलेस स्टीलचा दुहेरी भिंतीचा गोल पिट, म्हणजे अंगणात कमी धुराची शेकोटी पेटवायचं भांडं. वस्तू म्हणून छानच आहे. खालच्या भोकांतून हवा आत जाते, दोन भिंतींच्या मध्ये तापते आणि वरच्या भोकांतून बाहेर येताना धूर तिथेच जाळून टाकते, त्यामुळे लाकडं खडखडीत वाळलेली असली तर डोळे चुरचुरत नाहीत. ओलं लाकूड टाकलं की मात्र साध्या शेकोटीसारखाच धूर, आणि पेटताना-विझताना थोडा होतोच. ऊब बरीचशी वर जाते, पाय गारच राहतात.

आता खरं महत्त्वाचं. बॉक्सवर स्मोकलेस लिहिलंय म्हणून कधीही पेटवता येतो असं अजिबात नाही! एअर डिस्ट्रिक्टने (इथली हवेच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) हवेतल्या बारीक कणांसाठी स्पेअर द एअर अलर्ट, म्हणजे हवा खराब असल्याचा इशारा, लावला की लाकूड, पेलेट (भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या), विकतचे फायरलॉग (तयार ओंडके) सगळं बंद, घरातही आणि बॅकयार्डमध्येही, आणि 2019 पासून हे फक्त हिवाळ्यापुरतं नाही तर वर्षभर आहे. पहिल्यांदा सापडलात तर ऑनलाइन कोर्स किंवा 100 डॉलर दंड, दुसऱ्यांदा 500. प्रोपेन आणि गॅसला सूट आहे. मला हा नियम मनापासून पटतो, कारण थंडीत गार हवा खाली बसून राहते, धूर वर जातच नाही, आणि शेजारी कुणाला दमा असेल तर त्याची रात्र खोकण्यात जाते.

आम्ही होळीही यातच पेटवतो, नारळ, पुरणपोळीचा नैवेद्य सगळं साग्रसंगीत, पण अलर्ट आहे का ते बघूनच. अलर्टच्या मेसेजसाठी नाव नोंदवून ठेवा, फुकट आहे. इंडियन ग्रोसरीतल्या गोवऱ्या कृपा करून टाकू नका, भयंकर धूर होतो, आणि रंग दिलेलं लाकूड, कचरा, प्लास्टिक तर कुठल्याच दिवशी चालत नाही.

अजून एक, फायर कोडप्रमाणे असा पोर्टेबल पिट इमारतीपासून 15 फूट लांब हवा. स्वतंत्र घराला त्यातून सूट आहे पण अपार्टमेंट-कॉन्डोला नाही, म्हणजे बाल्कनीत ठेवायचा विचार सोडाच. पेटलेला असताना कुणीतरी सतत जवळ पाहिजे आणि पाण्याचा पाइप किंवा एक्स्टिंग्विशर हाताशी. सिटीचे आणि एचओएचे (घरमालकांच्या सोसायटीचे) नियम वेगळे असू शकतात, ते घ्यायच्या आधी विचारा, नंतर नाही.

मोठं यार्ड असेल आणि कोरडी लाकडं ठेवायला जागा असेल तर जरूर घ्या, माझ्याकडून चार स्टार. सॅन होजे, फ्रीमाँटकडे घरं एकमेकांना चिकटून असतात, तिथे मी प्रोपेनचाच घ्या म्हणेन.