फ्रीरेन की डिलिशस इन डन्जन? आधी कोणती बघावी

दोन्ही जपानी अ‍ॅनिमे (अ‍ॅनिमेशन) मालिका. दोन्हींत एल्फ या लांब कानांच्या, दीर्घायुषी जातीची जादूगारीण, दाढीवाला बुटका ड्वार्फ, ड्रॅगन आणि मध्ययुगीन युरोपच्या धर्तीवरचं जग. पोस्टर पाहून एकाच माळेचे मणी वाटतील, पण एक आवडली म्हणून दुसरी आवडेलच असं नाही.

'फ्रीरेन' (2023, मॅडहाउस स्टुडिओ, पहिला सीझन 28 भाग) सुरू होते ती मोहीम फत्ते झाल्यावर. राक्षसराजाला मारून चौघं परत आलेत. त्या मोहिमेत दहा वर्षं गेली, पण हजारावर वर्षं जगलेल्या एल्फ फ्रीरेनच्या लेखी तेवढा काळ म्हणजे किस झाड की पत्ती. ती पन्नास वर्षांनी उगवते, तोवर नायक हिम्मेल म्हातारा झालेला असतो आणि थोड्याच दिवसांत जातोही. या माणसाला आपण कधी नीट ओळखूनच घेतलं नाही, हे तिला त्याच्या अंत्यविधीत उमगतं. पुढे कालगणनासुद्धा 'हिम्मेलच्या मृत्यूनंतर अमुक वर्षांनी' अशीच चालते.

मला सगळ्यात भावला तो क्वालचा प्रसंग. या राक्षसाच्या मंत्रापुढे एके काळी कुणाचा टिकाव लागत नव्हता, म्हणून त्याला दगडात कोंडलेलं. ऐंशी वर्षांनी तो सुटतो, तोच मंत्र फेकतो आणि फ्रीरेनची पोरसवदा शिष्या फर्न तो सहज अडवते. मधल्या काळात माणसांनी त्या मंत्राचा इतका कीस पाडलाय, की आता तो जादूगारांचा नेहमीचा मारा झालाय. क्वालला बिचाऱ्याला याचा पत्ताच नाही.

'डिलिशस इन डन्जन' (2024, ट्रिगर स्टुडिओ, पहिला सीझन 24 भाग) मध्ये घाई आहे. लायोस या साहसवीराच्या बहिणीला, फॅलिनला, डन्जनमध्ये, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या भुयारी चक्रव्यूहात, लाल ड्रॅगनने गिळलंय. तिचं शरीर पचायच्या आत गाठलं तर तिला जिवंत करता येईल, पण शिधा घ्यायला खिशात दमडी नाही. मग वाटेत भेटेल तो प्राणी मारायचा आणि शिजवायचा. सेन्शी हा ड्वार्फ स्वयंपाकी गोलेमच्या, म्हणजे जादूने चालणाऱ्या पुतळ्याच्या, मातीच्या अंगावर भाजीपाला पिकवतो आणि पीक काढून झालं की गोलेमला पुन्हा उभं करतो. कोण कुणाला खातं, याचा हिशोब मालिका शेवटपर्यंत सोडत नाही.

पात्रांच्या बाबतीत माझं मत डन्जनला. लायोसला राक्षसांची खडान्‌खडा माहिती, पण समोरच्या माणसाचं मन वाचता येत नाही. त्याच्या टोळीतली एल्फ जादूगारीण मार्सिल प्रत्येक ताटाला नाक मुरडते आणि मग चाटूनपुसून खाते. टोळीतला लहान पोरगा वाटणारा चिलचक खरा मुलीबाळींचा बाप, पगाराला चोख. फ्रीरेनमध्ये फर्न आणि तिचा सोबती योद्धा स्टार्क यांची कुरबुर गोड आहे, पण अठराव्या भागापासून जादूगारांची परीक्षा सुरू होते आणि नव्या नावांची भाऊगर्दी होते. तिथे मी कंटाळलो. शिवाय तिथले राक्षस माणसाची भाषा बोलतात ती फसवायलाच. कल्पना जबरदस्त, पण त्यामुळे त्यांच्या बाजूने विचार करायला जागा उरत नाही.

घरात लहान मुलं असतील तर फ्रीरेन त्यातल्या त्यात सौम्य. डन्जनमध्ये हाडं जुळवून मेलेल्याला उठवायचा प्रसंग आहे, आणि शाकाहारी घरात ती जेवताना लावू नये.

फ्रीरेनचे पहिले चार भाग एका बैठकीत बघा. जपानात ते दोन तासांचा एकच कार्यक्रम म्हणून दाखवले होते. तेवढ्यात जीव गुंतला नाही तर पुढे जाऊ नका. डन्जनला मात्र तिसऱ्या भागापर्यंत, चालत्या चिलखतापर्यंत, मुदत द्या. एकच निवडायची असेल तर मी डन्जन म्हणेन.