पार्किंगच्या पट्ट्या मारून घेतल्या, एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यावर लिहितोय

सोलापुरात विजापूर रोडला आमचं कॉम्प्लेक्स आहे, खाली दुकानं, वर दोन डॉक्टर, एक लॅब आणि फिजिओथेरपी सेंटर. पार्किंगचं बघायचं काम तीन वर्षं झाली माझ्याकडं आहे, त्यामुळं भांडणं पण पहिल्यांदा माझ्याकडंच येतात. जानेवारीत गड्ड्याची जत्रा संपल्यावर ह्या लोकांकडून सगळ्या पार्किंगला थर्मोप्लास्टिकच्या, म्हणजे माल गरम करून मारतात त्या, पट्ट्या मारून घेतल्या. काम झाल्या झाल्या रिव्ह्यू मागत होते, मी म्हटलं एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या की ओ, मग खरं काय ते लिहितो.

त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या एका पेंटरनं साधा पेंट मारून दिला होता. नीट झाडून पण घेतलं नाही, धुळीवरनंच रोलर फिरवला, गाड्यांच्या ऑइलचे डाग होते त्याच्यावरनं पण तसाच पुढं गेला. मे महिन्यातल्या उन्हात पापुद्रे सुटले आणि पहिल्याच पावसात ते चपलेला चिकटून दुकानात यायला लागले. मापं पण नजरेनंच धरलेली, एक खाना सात फूट तर शेजारचा नऊ. सात फुटात कार लावली की दार कसं उघडणार? मग लोक पट्टीवर लावायचे आणि शेजारचा खाना वाया.

ह्यांचं मला पहिलं आवडलं ते हे की रेट सांगायच्या आधी दोन तास टेप घेऊन फिरले. शटर कुठल्या बाजूला उघडतं, मालाचा टेम्पो कधी येतो, ॲम्ब्युलन्स आली तर उभी कुठं राहते, सगळं विचारलं. कारला अडीच बाय पाच मीटर, दुचाकीला एक बाय दोन मीटर धरलं आणि तोंडावर सांगितलं की तुमच्या आत्ताच्या गाड्यांपेक्षा दोन कमी बसतील. त्यावरनं आमच्या मीटिंगमध्ये बराच आवाज झाला, पण मी अडून बसलो. रॅम्पच्या शेजारी एक खाना ३.६ मीटर रुंद ठेवला आणि व्हीलचेअरचं चित्र काढलं. फिजिओथेरपीला एक आजी येतात वॉकर घेऊन, आधी त्यांचा मुलगा गाडी मधेच उभी करायचा, मागनं हॉर्न सुरू, आणि आजी घाईघाईत एक पाय बाहेर काढायच्या. आता दार पूर्ण उघडतं, आधी वॉकर खाली ठेवला जातो, मग आजी सावकाश उतरतात. मला एवढ्यासाठीच सगळा खर्च वसूल वाटतो.

काम सोमवारी सुट्टीच्या दिवशी केलं. सकाळी सातला आले पण नऊ वाजेपर्यंत पट्टीला हात लावला नाही. डांबरावर प्लॅस्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला, पंधरा मिनिटांनी उचलला तर आतनं दमट. म्हणाले वरनं कोरडं दिसलं तरी दव आहे, ह्याच्यावर गरम माल टाकला तर बुडबुडे येतात आणि धरत नाही. तोवर जुना पेंट तारेच्या ब्रशनं आणि ग्राइंडरनं काढला, ऑइलचे डाग घासून धुतले, ब्लोअर मारला. ऊन आलं की दोरीनं सूत मारलं, कोपरा गुण्यात म्हणजे काटकोनात आहे का ते तीन-चार-पाचचं माप धरून बघितलं, आणि मगच बॉयलर पेटवला.

थर्मोप्लास्टिक म्हणजे डब्यातला रंग नाही, गोणीतनं पावडर येते, ती दोनशे डिग्रीच्या आसपास वितळवतात आणि ढकलायच्या गाडीतनं पट्टी ओढतात. पट्टी ओली असतानाच मागनं काचेचे बारीक मणी पडतात, साखरेपेक्षा बारीक. तेच रात्री हेडलाइटमध्ये चमकतात. उशिरा टाकले तर वरच राहतात आणि झाडूबरोबर निघून जातात, म्हणून मणीवाला पोरगा गाडीच्या अगदी मागं. दहा-पंधरा मिनिटांत पट्टीवरनं स्कूटर गेली, काही झालं नाही.

पैशाचं नीट समजून घ्या, इथंच घोळ होतो. रेट स्क्वेअर मीटरवर असतो. पट्टी १० सेंटीमीटर रुंद असली तर १० मीटर लांब मारली की १ स्क्वेअर मीटर, म्हणजे कारच्या खान्याची ५ मीटरची एक रेघ अर्धा स्क्वेअर मीटर. जाडी अडीच एमएम ठरली असेल तर स्क्वेअर मीटरला साधारण ५ किलो माल जातो, २५ किलोची एक गोणी ५ स्क्वेअर मीटरला. आमचं मोजमाप बाणबिण धरून ४० च्या आसपास भरलं. संध्याकाळी मी रिकाम्या गोण्या मोजल्या, आठ आणि नववी निम्मी. पत्र्याच्या तुकड्यावरनं पण एक पट्टी ओढून घेतली होती, ती उचलून मापली, जाडी बरोबर. पातळ मारून जाड्याचं बिल लावणं ह्या कामात फार सोपं आहे, म्हणून गोण्या मोजाच.

मागच्या बाजूला पेव्हर ब्लॉक आहेत, तिथं त्यांनी थर्मोप्लास्टिक मारायला सरळ नाही म्हणून सांगितलं. ब्लॉक हलतात आणि सांध्यावर पट्टी तडकते, म्हणाले साधा रोड मार्किंग पेंट मारा आणि दर वर्षी परत मारा. जास्त बिल करता आलं असतं, केलं नाही.

तक्रारी पण आहेत. जुन्या पट्ट्या घासल्या तरी त्यांची खूण राहिली आहे, दुपारी दिसत नाही पण संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की दोन-दोन रेघा दिसतात आणि नवीन माणूस गोंधळतो. बाहेर पडायच्या वळणावर झेब्राचे रुंद पट्टे मारले ते पावसात निसरडे झाले, जुलैमध्ये एक ॲक्टिव्हावाली ताई तिथं घसरली, लागलं नाही पण मला रात्रभर वाईट वाटत होतं. फोन केल्यावर चौथ्या दिवशी येऊन वळणावरचे दोन पट्टे काढून दिले, पैसे घेतले नाहीत, तरी दुचाकी वळते तिथं रुंद पट्टा नको हे आधीच त्यांच्या लक्षात यायला पाहिजे होतं. तुमच्याकडं असं वळण असलं तर तुम्हीच बजावून सांगा.

बाकी डांबरावरच्या पट्ट्या आज पण धरून आहेत. टायरनं काळ्या पडतात, महिन्यातनं एकदा वॉचमन साबणाच्या पाण्यानं घासतो, परत पांढऱ्या होतात. पाच पैकी चार स्टार. मागच्या ब्लॉकवरचा पेंट मात्र पुसट झालाय, दिवाळी झाली की ह्यांनाच बोलावलंय.