टेक्सासला शिफ्ट होताय? आधी बघा तुमच्या मूव्हरकडे ट्रक तरी आहे का

एप्रिलमध्येसुद्धा ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायचा, वर मिनेसोटाचा इन्कम टॅक्स, या सगळ्याला कंटाळून आम्ही मिनियापोलिस सोडून सॅन अँटोनियोला आलो. इथे स्टेट इन्कम टॅक्स नाही, घरं त्यामानाने स्वस्त आहेत (प्रॉपर्टी टॅक्स मात्र दणकून बसतो, तो आधीच हिशोबात धरा), आणि सासूबाई आल्या की त्यांचे गुडघे आखडत नाहीत. येण्याबद्दल काही तक्रार नाहीये. सामान आणताना जे झालं ते लिहितोय, कारण ओळखीतले अजून काहीजण याच रस्त्याने निघालेत.

मूव्हरच्या, म्हणजे सामान हलवणाऱ्या कंपन्यांच्या, ऑनलाइन कोटेशनचा फॉर्म भरला की फोनवर फोन सुरू होतात. त्यात एकाने ३,२०० डॉलर सांगितले, बाकीच्यांच्या जवळजवळ निम्मे. बोलायला इतका गोड की विचारू नका. घर बघायला कोणी आलं नाही, व्हिडिओ कॉलही नाही, सोफा किती बेड किती खोकी किती हे फोनवरच विचारून घेतलं, आणि आजच्या आज ९०० डॉलर डिपॉझिट भरा म्हणजे रेट लॉक होईल म्हणाला. बोलताना सारखं "आमचे ट्रक", "आमची टीम". प्रत्यक्षात हा ब्रोकर होता. म्हणजे ट्रक नाही, माणसं नाहीत, बुकिंग घ्यायचं आणि काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकायचं. ब्रोकर असणं बेकायदेशीर नाही, पण आपण ब्रोकर आहोत, सामान स्वतः नेत नाही, हे त्याने सांगायला लागतं. ह्याने अवाक्षर काढलं नाही.

सामान न्यायला आला तो भाड्याचा ट्रक, कंपनीचं नाव कुठेच नाही. अर्धं घर आत गेल्यावर मुकादम मेजरिंग टेप घेऊन ट्रकमध्ये चढला. आतल्या टोकापासून सामान संपतं तिथपर्यंत टेप ताणली आणि म्हणाला, सर तुमचं सामान सांगितल्यापेक्षा खूप जास्त क्युबिक फूट भरतंय. मी आत डोकावून बघितलं तर सोफा उभा केलेला, त्याच्यामागे माणूस आरामात उभा राहील एवढी मोकळी जागा, खोकी एकावर एक न ठेवता अशीच पसरलेली. म्हणजे पैसे हवेचे. नवीन आकडा ५,९००, वर टेप आणि बबल रॅपचे वेगळे. घराच्या चाव्या त्याच संध्याकाळी द्यायच्या होत्या, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सही केली, दुसरं करणार काय.

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सामान जातं तेव्हा नीट काम करणारे मूव्हर वजनावर पैसे लावतात, भरलेला ट्रक काट्यावर जातो, त्याची पावती मिळते, शंका असेल तर परत वजन करायला लावता येतं. क्युबिक फुटाची भाषा सुरू झाली की काहीतरी गडबड आहे समजून जा. आणि नवीन एस्टिमेट द्यायचंच असेल तर ते सामान चढवायच्या आधी द्यायला लागतं, अर्धं भरून झाल्यावर नाही, हे मला त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर!

खरी मजा पुढे. आम्ही हवा भरायच्या गादीवर झोपतोय, सामानाचा पत्ता नाही, ब्रोकर फोन उचलत नाही. मग ड्रायव्हरचा फोन, एकूण ७,४०० झालेत, उरलेले कॅश किंवा मनीऑर्डरने द्या नाहीतर माल गोडाऊनला जाईल आणि त्याचं भाडं वेगळं. बायकोच्या ऑफिसातल्या एकीला हा नियम माहीत होता म्हणून वाचलो. एस्टिमेट नॉन-बाइंडिंग, म्हणजे नुसता अंदाज, असेल तर त्याच्या ११० टक्के दिले की त्यांना सामान उतरवावंच लागतं, वरचे पैसे डिलिव्हरीनंतर ३० दिवसांनी मागायचे. बाइंडिंग, म्हणजे पक्कं, असेल तर ठरले तेवढेच. मी ड्रायव्हरला सांगितलं, ५,९०० चे ११० टक्के म्हणजे ६,४९०, त्यातून डिपॉझिट वजा करून बाकीचे देतो, आणि एफएमसीएसएकडे (ट्रकवाल्यांवर लक्ष ठेवणारं अमेरिकेचं केंद्रीय खातं) तक्रार टाकलीये, तिचा नंबर हवा तर लिहून घे. आधी आरडाओरडा केला, मग म्हणाला बॉसला विचारतो. दुसऱ्या दिवशी ट्रक दारात.

कपाटाचं दार निखळलेलं, टीव्हीला आडवी भेग. इन्शुरन्स आहे ना म्हटलं तर त्या सह्यांच्या गठ्ठ्यात एका कागदावर रिलीज्ड व्हॅल्यू असं होतं, म्हणजे पौंडामागे ६० सेंट. ४० पौंडाच्या टीव्हीचे २४ डॉलर! किंमत कितीही असो. पूर्ण किमतीचं कव्हर हवं असेल तर फुल व्हॅल्यू प्रोटेक्शन लिहून घ्या, त्याला पैसे जास्त पडतात पण घ्या. क्लेमसाठी डिलिव्हरीपासून ९ महिने मिळतात, सामान जायच्या आधीचे फोटो मात्र जपून ठेवा.

आणि डिपॉझिट द्यायच्या आधी, नंतर नाही, त्यांचा यूएसडॉट नंबर (सरकारी नोंदणीचा नंबर) मागा आणि एफएमसीएसएच्या साइटवर टाकून बघा. तिथे कॅरिअर (स्वतः सामान नेणारा) आहे का ब्रोकर ते लिहिलेलं असतं, घरगुती सामान न्यायची परवानगी आहे का तेही, तक्रारीही दिसतात. नंबर अगदी नवा असेल तर जरा थांबा, कारण तक्रारी वाढल्या की हे लोक नाव बदलून परत दुकान मांडतात. आमच्या ब्रोकरच्या जुन्या नंबरवर मी परवा फोन केला, उचलणाऱ्याने भलत्याच कंपनीचं नाव सांगितलं आणि विचारलं, कुठून कुठे शिफ्ट व्हायचंय सर?