सबर्बनला मागचा जाड स्वे बार: आठ महिने, नऊ हजार मैल

आई दर उन्हाळ्यात पुण्याहून आमच्याकडे डेन्व्हरला येते आणि आम्ही दर उन्हाळ्यात तिला डोंगरात नेतो. गेल्या जुलैत बर्थूड पास उतरताना मधल्या सीटवरून तिचा आवाज आला, "अरे, गाडी आहे की पडाव? वरंधा घाटात एसटीत बसूनसुद्धा मला इतकं मळमळलं नव्हतं." मी ताशी तीसच्या वर नव्हतो. मैल म्हणतोय, पण तरी. दोन वळणांनंतर गाडी बाजूला घ्यावी लागली. आल्याच्या वड्या कामाला आल्या.

गाडी 2011 ची शेवरले सबर्बन 1500, पाच पॉइंट तीन लिटरच्या व्ही-एट इंजिनाची. घेतली तेव्हाच जुनी होती. वळणावरचं हे कलणं कमी करायला मागे जाड स्वे बार बसवला, तेव्हा एक लाख अठरा हजार मैल झाले होते. सबर्बन हे नाव 1935 पासून चालत आलंय आणि माझा अंदाज आहे की तिच्या डुलण्याबद्दलची तक्रारही तेवढीच जुनी असावी. त्यात तिचा दोष नाही. साडेपाच मीटरहून लांब, अडीच टनांहून जड, त्यावर आम्ही सहा जण आणि टपावर सामानाची पेटी. एवढा ऐवज वळणावर बाहेरच्या अंगाला कलणारच.

स्वे बार म्हणजे काय हे माझ्या मेहुण्याला फोनवर समजावताना मी सायकलच्या हँडलचं उदाहरण दिलं आणि फसलो, म्हणून इथे सरळ लिहितो. स्प्रिंगच्या पोलादाची यू आकाराची कांब असते. मधला भाग रबरी बुशांमध्ये, म्हणजे गाद्यांमध्ये, धरलेला असतो, दोन टोकं डाव्या-उजव्या बाजूला जोडलेली. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर कांब नुसती बुशांत फिरते, काहीच करत नाही. एक बाजू दबली आणि दुसरी उठली की मात्र तिला पीळ बसतो आणि ती तो पीळ उलगडायला बघते. तेवढाच तिचा जोर. हा पीळ-विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 28 मिलिमीटरच्या जागी त्याच आकाराची 32 ची भरीव कांब घातली तर ती सुमारे 70 टक्के जास्त ताठ होते. विकणारे हा 70 चा आकडा मोठ्या अक्षरात छापतात. मागच्या-पुढच्या स्प्रिंगा आणि पुढचा बार होते तसेच राहतात, त्यामुळे अख्ख्या गाडीचं कलणं त्या प्रमाणात मुळीच कमी होत नाही, हे कोणी छापत नाही.

मला 320 डॉलर पडले. ब्रँड लिहीत नाही. या गाडीसाठी दोन-तीन कंपन्यांचे बार मिळतात आणि घडण साधारण सारखीच. एकच गोष्ट बघून घ्या: बुशाच्या पट्टीला ग्रीस भरायचं निपल आहे ना. माझ्या बारला नाही. त्याची रड पुढे येईल.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी घरच्या गॅरेजमध्येच बसवला. सोबत शेजारचे एक निवृत्त ट्रक मेकॅनिक होते, बहुतेक वेळ खुर्चीत बसून कॉफी पीत. सबर्बनची स्टेपनी मागे खालून लटकवलेली असते. ती आधी उतरवा, हात फिरवायला जागा होते. नवा बार मागच्या अखंड ॲक्सलला यू-बोल्टने आवळायचा आणि टोकं लिंकने, म्हणजे छोट्या जोडकांडीने, वर चासीला जोडायची. कागदावर दीड तासाचं काम. प्रत्यक्षात जुन्या लिंकच्या एका नटनेच दोन तास खाल्ले. कोलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड मारतात आणि ते चिकट पाणी बोल्टच्या आट्यांत बसून राहतं. गंजावरचं तेल मारलं, लांब पाना लावला, पान्यावर पाइप चढवला. शेवटी ग्राइंडरने कापला. तुमची गाडी बर्फाच्या प्रदेशातली असेल तर नव्या लिंक आधीच मागवून ठेवा.

माझी खरी चूक मात्र वेगळी. मी एकाच बाजूला जॅक लावून चाक उचललं होतं. नवा बार डावीकडे बसला, उजवीकडे लिंकचं भोक दोन इंच लांब. चुकीचा माल आला म्हणून मी फोन काढलासुद्धा. शेजारी खुर्चीतून म्हणाले, गाडी खाली घे. घेतली, आणि बोल्ट हाताने आत गेला. एक बाजू उचलली की बारला पीळ बसणारच; तेच तर त्याचं काम! तेव्हा दोन्ही बाजू सारख्या उचला, नाहीतर मागची दोन्ही चाकं रॅम्पवर चढवा. यू-बोल्ट आवळण्याआधी ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर त्याखाली चेपत नाही ना, हे टॉर्च लावून बघा. शंभर मैलांनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासलं तेव्हा एक नट पाव आटा फिरला.

पहिला फरक वळणावर नाही, वाऱ्यात कळला. शायनकडे जाताना आय-25 महामार्गावर आडवा वारा येतो आणि ट्रक ओलांडला की गाडीला थप्पड बसते. पूर्वी थप्पड बसली की गाडी कलायची, मग परत यायची, मग थोडी पलीकडे जायची. आता एकदाच हलते. लेन बदलतानाही मागचा भाग पुढच्याबरोबरच वळतो. आधी तो क्षणभर विचार करून मागून यायचा.

मोजायचाही प्रयत्न केला. फोनमधलं लेव्हल ॲप डॅशबोर्डवर चिकटवलं, पण वळणावर ते कल कमी आणि वळणाचा जोरच जास्त मोजतं, म्हणून तो आकडा निरुपयोगी. मग मुलाला चौकातल्या गोल बेटाजवळ उभं करून मागून व्हिडिओ काढायला लावला, बार बसवायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा ताशी 20 मैलांनी. पडद्यावर कोनमापक ठेवून साडेचार अंशांचे पावणेचार झाले. ऐकायला किरकोळ वाटतं. मागे बसणाऱ्याला किरकोळ वाटत नाही.

आता रड. जानेवारीच्या थंडीत मागून देवळाच्या जुन्या दारासारखा आवाज यायला लागला. माझ्या बारचे बुश पॉलियुरेथेनचे; ते रबरापेक्षा ताठ असतात, पण कोरडे पडले की कुरकुरतात. निपल असतं तर ग्रीसगनने दोन मिनिटांचं काम. मला पट्ट्या सोडून, बुश पुसून, सिलिकोन ग्रीस भरून परत आवळावं लागलं, तेही बर्फाळ फरशीवर आडवं होऊन. एप्रिलमध्ये पुन्हा.

बर्फाचाही मुद्दा आहे. मागची बाजू ताठ केली की वळणात मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार जातो. कोरड्या रस्त्यावर त्यामुळे नाक छान आत वळतं. निसरड्यावर तीच गोष्ट उलटते, मागचं बूड आधी सुटतं. फेब्रुवारीत रिकामी गाडी घेऊन हायवेच्या रॅम्पवरून चढताना बूड हातभर सरकलं, स्टॅबिलिटी कंट्रोलने आवरलं. टायरही झिजायला आलेच होते, सगळा आळ बारवर घालत नाही. पण त्या दिवसापासून पांढरं दिसलं की फोर-व्हील ऑटोवर टाकतो.

आणि हिसका. आमच्या ड्राइव्हवेला तिरकं चढावं लागतं, एक चाक आधी. पूर्वी गाडी मऊ झुलायची, आता डोकी डावी-उजवीकडे हलतात. खडबडीत रस्त्यावरही तेच. कच्च्या वाटांवर चढणाऱ्यांनी, जिथे प्रत्येक चाक आपापलं खाली-वर जायला हवं, हा बार घेऊ नये. ट्रेलर ओढणाऱ्यांनीही ट्रेलरचं डुलणं यानं थांबेल असं समजू नये. त्याचा इलाज हिचवर, म्हणजे ट्रेलरच्या जोडणीवर, असतो.

सगळ्यात जास्त पश्चात्ताप क्रमाचा. उंचवट्यानंतर गाडी दोन-तीन वेळा वर-खाली व्हायची, ती बारनंतरही तशीच राहिली. राहणारच, दोन्ही चाकं सारखी हलतात तिथे बार झोपलेला असतो. तो आजार शॉकपचा होता. मार्चमध्ये चारही बदलले आणि वाटलं, हेच आधी करायला हवं होतं. कदाचित बार लागलाही नसता. बायको म्हणते लागलाच असता, कारण मला गॅरेजमध्ये लोळायला निमित्त हवं असतं.

गेल्या रविवारी आईला घेऊन पुन्हा बर्थूड. तीच सीट, तोच वेग. उतारावर मी आरशातून बघत होतो. विंटर पार्कला पोचल्यावर तिने वडीचा डबा न उघडता परत पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "आज रस्ता सरळ केलाय वाटतं." जुना बार टाकायचा होता, पण आता तो गॅरेजमध्ये आडवा बांधलाय आणि त्यावर आईची नऊवारी वाळते.