मटण स्ट्रीटवरच्या जुन्या फुलदाण्या: काय घ्यावे, काय तिथेच ठेवून यावे

मुंबईत जुन्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या फुलदाण्या घ्यायच्या म्हटले की चोरबाजाराचे नाव पुढे येते, आणि चोरबाजारातही त्या निवडून घेण्यासारख्या मिळतात त्या प्रामुख्याने मटण स्ट्रीट या गल्लीत. मौलाना शौकत अली मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्ग यांच्या मधली ही गल्ली ग्रँट रोड स्थानकावरून चालत जाण्यासारखी आहे. इथली दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुन्या सामानाचा बाजार भरतो. कॅमेरे, हत्यारे, घड्याळांचे सुटे भाग यांच्यासाठी तो बाजार उत्तम असेल. परंतु ज्या वस्तूचे सगळे मोल तिच्या अखंडपणात आहे, ती बॅटरीच्या उजेडात, मागून धक्के बसत असताना निवडण्यात काही अर्थ नाही. फुलदाण्यांसाठी इतर कोणत्याही दिवशी दुपारी जावे आणि वस्तू दुकानाच्या दाराशी, उजेडात आणून पाहावी. आणून पाहू देत नसतील तर पुढचे दुकान गाठावे.

निष्कर्ष आधीच सांगून टाकते. या गल्लीत ज्या मालाचा सर्वांत जास्त गवगवा होतो तो ‘इंपोर्टेड’ माल दिलेल्या पैशांच्या मानाने क्वचितच समाधान देतो. आणि ज्याच्याकडे दुकानदार बोटही दाखवत नाहीत, ती मागच्या फळीवर धूळ खात पडलेली भारतीय काच मात्र खरोखर संग्रही ठेवण्यासारखी असते.

काचेची कोणतीही वस्तू हातात घेतली की इथे पहिले वाक्य ठरलेले असते: ‘‘मॅडम, बेल्जियम का माल है.’’ वाड्यांमधले आरसे आणि हंड्या-झुंबरे बेल्जियमचे म्हणून मिरवले जात, त्या पुण्याईवर आजही हे वाक्य खपते. बेल्जियममध्ये काचेची थोर परंपरा आहे यात शंका नाही. लीएजजवळच्या सेरँ गावातला व्हाल सँ-लांबेर हा कारखाना १८२६ पासूनचा आहे आणि त्याच्या चांगल्या फुलदाण्यांच्या तळावर बऱ्याचदा कोरलेली सही असते. म्हणूनच बेल्जियमचे नाव ऐकले की फुलदाणी उलटी करावी. तिच्या बुडाशी सही नाही, घडवताना बुडाला चिकटवलेला लोखंडी दांडा तोडल्याची किंवा ती जागा घासून गुळगुळीत केल्याची खूण नाही आणि दोन्ही अंगांना साच्याचे सांधे स्पष्ट दिसत आहेत, असे असेल तर ती साच्यात काढलेली साधी काच आहे. साच्यातली काच वाईट नव्हे. तिला बेल्जियमचा भाव देणे तेवढे वाईट.

बुडावरचे ओरखडेही वाचता आले पाहिजेत. वर्षानुवर्षे फळीवर सरकलेल्या फुलदाणीच्या तळकडेवर बारीक, वेड्यावाकड्या दिशांचे ओरखडे पडतात, आणि तेही फक्त जिथे ती टेकते तिथेच. पॉलिश पेपरने जुनेपणा आणलेल्या तळावर ते एकाच दिशेने आणि टेकत नसलेल्या खोलगट भागातही दिसतात. काठावर नजर फिरवण्याऐवजी बोट फिरवावे. डोळ्याला न दिसणारा टवका नखाला लागतो. चिनी मातीच्या फुलदाणीवर बोटाच्या पेराने हलके टिचकी मारली असता अखंड वस्तू खणखणीत वाजते, तडा गेलेली बद्द वाजते. जाड, सच्छिद्र मातीच्या वस्तूंचा आवाज मुळातच बसका असतो, त्यामुळे तिथे ही परीक्षा पुरेशी नाही. आत बॅटरी सोडून पाहावे.

काचेच्या आत बसलेला पांढुरका धूसरपणा हा मात्र या बाजारातला खरा सापळा आहे. फुलांचे पाणी दिवसचे दिवस तसेच राहिले की आधी क्षारांचा थर बसतो आणि पुढे पाणी काचेचा पृष्ठभागच खाऊ लागते. थर नुसता क्षारांचा असेल तर व्हिनेगरने किंवा लिंबाच्या फुलाने (सायट्रिक ॲसिडने) निघतो. काच खाल्ली गेली असेल तर घरगुती उपायांनी ती पुन्हा नितळ होत नाही. गंमत अशी की असली काच ओली असेपर्यंत स्वच्छ दिसते. एका दुकानात माझ्यासमोर ठेवलेली निळी फुलदाणी आतून इतकी चकचकीत होती की संशय आला. टिश्यू पेपर आत फिरवून बाहेर काढला तर तो तेलकट झाला होता आणि पुसलेल्या पट्ट्यात दुधासारखा डाग उमटला होता. दुकानदार ओशाळला नाही, त्याने लगेच भाव निम्म्यावर आणला. त्यामुळे आतून ओली किंवा तुकतुकीत फुलदाणी दिसली की ती पुसून, वाळवून मगच बोलणी सुरू करावीत.

आता चांगल्या गोष्टीकडे वळू. धातूंच्या क्षारांची फवारणी तापलेल्या काचेवर करून तिला मोरपिसासारखी झळाळी आणण्याची रीत अमेरिकेत फेंटन कारखान्याने १९०७ च्या सुमारास बाजारात आणली आणि पुढे त्या काचेला ‘कार्निव्हल ग्लास’ असे नाव पडले. आपल्याकडे फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सने विसाव्या शतकात तशाच काचेच्या फुलदाण्या काढल्या. अंगावर हत्ती किंवा मासा उठवलेल्या, किंवा हाताच्या पंजाने धरलेल्या आकाराच्या, झेंडूच्या रंगाची झळाळी असलेल्या या फुलदाण्यांना परदेशांतले संग्राहक आवर्जून शोधतात. काही नमुन्यांच्या तळाशी जैन हे नाव रोमन अक्षरांत उठवलेले असते; नसले तरी त्या ओळखता येतात. काच पातळ आणि हाताला अनपेक्षितपणे हलकी लागते, आणि झळाळीच्या पट्ट्यांशेजारी दाणेदार, दुधी केलेला भाग ठेवून नक्षी उठवलेली असते. उन्हात धरली की झळाळीचा भाग सोनेरी, मग तांबूस, मग हिरवट होत जातो आणि दुधी भाग तसाच शांत राहतो. या दोहोंतला विरोध हेच या कामाचे सौंदर्य आहे. साच्यांची कामगिरी ओबडधोबड आहे, सांधे जाड आहेत, एकाच साच्यातल्या दोन फुलदाण्यांची उंचीदेखील जुळत नाही. मला ते दोष वाटत नाहीत.

या फुलदाण्या मटण स्ट्रीटवर रोज दिसत नाहीत, पण दिसतात तेव्हा बहुधा रंगीत बाटल्या आणि कंदिलांच्या काचांच्या गर्दीत असतात. भाव सांगताना दुकानदाराचा उत्साह बेल्जियमच्या वेळेसारखा नसतो, आणि घासाघीस केली तर त्या दोन-तीन हजारांच्या आत मिळू शकतात. पातळपणामुळे काठावर टवके असणे नेहमीचे आहे. छोटा टवका चालवून घ्यावा, अंगात गेलेला तडा चालवून घेऊ नये.

पश्चिम जर्मनीच्या मातीच्या फुलदाण्या हा इथला दुसरा विश्वासार्ह प्रकार. १९६० आणि ७० च्या दशकांत तिकडच्या कारखान्यांनी लाव्हारसासारख्या फेसाळ, खडबडीत लुकणाच्या (मातीवर भाजून चढवलेल्या काचेसारख्या थराच्या, म्हणजे ग्लेझच्या) नारिंगी, तपकिरी, काळ्या फुलदाण्या मुबलक काढल्या. त्यांची खूण तळावरच असते: आकाराचा क्रमांक, मग आडवी रेघ, मग सेंटिमीटरमधली उंची आणि ‘डब्ल्यू. जर्मनी’ ही अक्षरे. शॉयरिख कारखान्याच्या तळावर २४२-२२ असे असेल तर फुलदाणी बावीस सेंटिमीटर उंच असली पाहिजे. पट्टी लावून पाहिली की वाद उरत नाही. दोन्ही जर्मनी १९९० मध्ये एक झाल्यामुळे या खुणेचा काळही आपोआप ठरतो. सांगितलेल्या गोष्टीपेक्षा वस्तूच अधिक बोलते असा हा प्रकार असल्याने नवख्या संग्राहकाने इथूनच सुरुवात करावी.

जपानी आणि चिनी मालाबाबत मी एवढा भरवसा देणार नाही. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले आणि जपानी वस्तूंवर १९२१ पर्यंत ‘निप्पॉन’ असे लिहिले जाई, ही माहिती खरी आहे. पण ती बनावट शिक्के मारणाऱ्यांनाही ठाऊक आहे. चिनी फुलदाण्यांच्या बुडावर जुन्या सम्राटांच्या राजवटीची अक्षरे पुढच्या शतकांतही सर्रास काढली गेली आहेत, तेव्हा ती कालनिश्चितीचा पुरावा ठरत नाहीत. रंग आवडला तर शोभेच्या भावाने घ्यावी, प्राचीन म्हणून घेऊ नये.

जे इथे मिळण्याची आशा धरू नये असेही काही आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत एकोणिसाव्या शतकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली घडलेली, अजिंठ्याच्या चित्रांवरून नक्षी घेतलेली मृत्पात्रे पाहायची असतील तर भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय गाठावे. लुकण आणि आकार यांची जाण यावी म्हणून बाजाराच्या आधी तिथे एक फेरी मारली तर डोळ्याला चांगलेच वळण लागते.

घरी आणलेल्या फुलदाण्या कशा मांडाव्यात, याबद्दल दुकानांतले सल्ले निरुपयोगी आहेत. तिथे सगळे एकावर एक रचलेले असते. माझा अनुभव असा की झळाळीची काच खिडकीच्या अगदी समोर ठेवली तर मागून आलेल्या उजेडाने तिचा रंग मरतो. ती बाजूने ऊन पडेल अशी, गडद भिंतीपुढे ठेवावी. नितळ रंगीत काच मात्र खिडकीतच शोभते. जर्मन मातीच्या फुलदाण्या इतक्या भारदस्त असतात की दोन एकत्र ठेवल्या तर भांडतात. पुस्तकांच्या फळीवर एकच, फुलांवाचून ठेवलेली पुरते. फिरोजाबादच्या हलक्या फुलदाणीत निशिगंधाच्या उंच दांड्या घातल्या तर ती कलंडते, म्हणून चार-पाच झेंडू किंवा शेवंती आखूड कापून घालावी आणि पाणी रोज बदलावे. बोअरवेलच्या पाण्याने वर सांगितलेला धूसरपणा फार लवकर येतो. तिच्या झळाळीला तारेची घासणी कधीही लावू नये. ज्या मातीच्या फुलदाणीला आतून लुकण नाही तिच्यातून पाणी पाझरते आणि सागवानी कपाटावर गोल डाग उठतो. तिच्यात काचेचा पेला बसवून फुले त्या पेल्यात ठेवावीत. जुन्या भडक रंगांच्या लुकणात शिसे किंवा कॅडमियम असू शकते, तेव्हा या भांड्यांत पिण्याचे पाणी किंवा खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत.

सेवेबद्दल थोडक्यात. दुकानदार बोलके आणि मुरलेले आहेत. खरेदी केली नाही तरी बहुतेक जण चहा विचारतात. बरेच व्यवहार रोखीने होतात, पक्के बिल मागितल्याशिवाय मिळत नाही आणि परतीची सोय मानूच नये. बांधणी म्हणजे वर्तमानपत्राचे दोन कागद आणि सुतळी, म्हणून घरूनच जाड टॉवेल आणि टणक पिशवी न्यावी.

परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांसाठी घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि शंका असल्यास ती तशी नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावे लागते. मटण स्ट्रीटवर ‘दीडशे साल पुराना’ म्हणून मिळालेल्या बहुतेक फुलदाण्यांना हे प्रमाणपत्र विनासायास मिळावे, असे माझे मत आहे.