लॉजीचा टायमिंग बेल्ट आणि औसा रोडवरचं बिनपाटीचं गॅरेज (लातूर)

आमची रेनो लॉजी २०१६ ची, दीड लिटर डिझेल. या फेब्रुवारीत सेकंडहँड घेतली. मीटरवर ७४ हजार किलोमीटर, बॉडी चांगली, सर्व्हिसची बिलं बऱ्यापैकी. पण टायमिंग बेल्ट कधी बदलला, याचा कागद आधीच्या मालकाकडं नव्हता. माझं मत स्पष्ट आहे: कागद नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरायचं आणि गाडी घरी आणल्याबरोबर ते काम करून घ्यायचं. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम नंतर.

एवढा आग्रह का, ते सांगते. पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक झाला पाहिजे, आणि हा मेळ टायमिंग बेल्ट हा दातेरी रबरी पट्टा राखतो. लॉजीच्या इंजिनात पिस्टन जिथपर्यंत वर येतो तिथंच व्हॉल्व्ह खाली उतरतात, फक्त वेळा वेगळ्या. बेल्ट तुटला किंवा दात उडाले की वेळा चुकतात, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात. मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्याचा खर्च बेल्टच्या कित्येक पट. ब्रेक झिजले की आवाज करतात, क्लच गेला की वास येतो. बेल्ट बहुतेक वेळा काहीच कळवत नाही. मांजरसुंब्याच्या घाटात, मागं लेकरं आणि सासूबाई बसलेल्या असताना इंजिन एकदम बंद पडणं म्हणजे स्टेअरिंग जड, ब्रेकचा पॅडलही दोन-तीनदा दाबल्यावर कडक. मला हे पैशापेक्षा मोठं वाटतं.

आधी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये विचारलं. नाव लिहीत नाही. तिथल्या सुपरवायझरनं बॉनेट न उघडताच सांगितलं, "लाखाच्या आत आहे मॅडम, आणखी दोन वर्षं बघायचं काम नाही." मला हे अजिबात पटलं नाही. बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशीच वर्षांचीही असते, आणि जी आधी भरेल ती धरायची असते. किलोमीटरचा आकडा कंपनीप्रमाणं आणि इंजिनाप्रमाणं साठ हजारांपासून दीड लाखापर्यंत बदलतो, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लागू होत नाही. आपल्या गाडीचं पुस्तक उघडायचं. शिवाय उष्णता, धूळ आणि गळणारं तेल रबराचं आयुष्य कमी करतात. आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर, ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर फुफाटा. अशा ठिकाणी नऊ वर्षांच्या रबराला "बघायचं काम नाही" कसं म्हणता येईल?

मग भावजींनी औसा रोडवरच्या या गॅरेजात पाठवलं. पाटी नाही, पत्र्याचं शेड, पुढं कडुलिंब. डस्टर, लॉजी, टेरानो, व्हेरिटो अशा गाड्या तिथं कायम दिसतात, कारण या सगळ्यांत डिझेलचं तेच दीड लिटरचं इंजिन येत होतं. लॉजी २०२० मध्ये बंद झाली तरी बेल्टचं किट मिळायला त्रास नाही, तो याचमुळं. दुकानात "डस्टर डिझेलचं किट" म्हटलं तरी चालतं, फक्त इंजिन नंबर दाखवायचा.

मिस्त्रींनी वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं, टॉर्च लावला आणि मला वाकून बघायला सांगितलं. वरून बेल्ट ठीकच दिसत होता. मी तसं म्हटल्यावर म्हणाले, "ताई, वरून समदेच चांगले दिसतेत. निघाल्यावर बघू." काम झाल्यावर त्यांनी जुना पट्टा बोटावर उलटा वाकवून माझ्यापुढं धरला. दातांच्या बुडाशी केसासारख्या बारीक चिरा होत्या, एका कडेला दोरे सुटायला लागले होते. पाठीवर काचेसारखी चकाकी आली होती. त्यापेक्षा मला टेन्शनरनं, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीनं, जास्त घाबरवलं. हातात धरून पुली फिरवली तर खरखर आवाज येत होता. नवी फिरवली तर आवाजच नाही. नुसता बेल्ट बदलून हाच टेन्शनर परत बसवला असता आणि तो पुढं जाम झाला असता, तर नव्या बेल्टचीही तीच गत.

म्हणून बेल्ट आणि टेन्शनरचं पूर्ण किटच घ्या, आणि इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारा वॉटर पंपही. या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. पंप पुढं गळाला तर हीच सगळी उघडझाप पुन्हा करावी लागते, मजुरी पुन्हा, आणि कूलंट बेल्टवर सांडतं ते वेगळंच. आमच्या पंपाखाली वाळलेल्या कूलंटचे डाग निघाले. मिस्त्रींनी कॅम आणि क्रँकच्या ऑइल सीलही (तेल गळू न देणाऱ्या रबरी कड्या) तपासल्या. त्या कोरड्या होत्या, म्हणून उगीच बदलल्या नाहीत. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला.

काम करण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. इंजिन धरून ठेवणारी उजव्या बाजूची माउंटिंग काढावी लागते, म्हणून इंजिनाखाली जॅक, मध्ये लाकडाचा ठोकळा. क्रँक आणि कॅम जागेवर पक्के धरायला पिना लावल्या. व्हाइटनरच्या खुणांवर भागवलं नाही. बेल्ट चढवला, टेन्शनरचा काटा खाचेसमोर आणला, पिना काढल्या, आणि पान्यानं इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून पिना परत बरोबर भोकात बसतात का ते पाहिलं. त्यानंतरच चावी लावली. क्रँक पुलीचा बोल्ट नवा घातला. कुणाचंही गॅरेज असो, हातानं दोन फेरे न फिरवता सेल्फ मारत असतील तर तिथंच थांबवा. कूलंट भरताना डिस्टिल्ड पाणी वापरलं, तेही मला आवडलं. आपल्याकडचं बोरचं पाणी किती क्षाराचं, ते इथं कुणाला सांगायला नको.

खर्च: किट आणि पंप मिळून ८,४००, मजुरी ३,०००, कूलंट आणि बोल्टचे आणखी थोडे. सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी मिळाली. सुट्या भागांचं पक्कं बिल दुकानाचं असतं, मजुरीचं मात्र मागून घ्यावं लागतं, तेही साध्या कागदावर. हे सुधारायला हवं, कारण गाडी पुढं विकताना याच कागदाला किंमत. बसायला एक बाकडं आहे, त्यावर टायर ठेवलेले. बाई एकटी गाडी घेऊन गेली तर दिवसभर थांबायची सोय नाही. पण बोलणं अदबीचं, आणि प्रश्न विचारला की हातातला पाना ठेवून उत्तर देतात. एकदाही "तुम्हाला नाही कळणार" असं ऐकावं लागलं नाही.

जुने भाग पिशवीत घालून परत दिले. बॉनेटच्या आतून तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं स्टिकर चिकटवलं.

एर्टिगा आणि इनोव्हा क्रिस्टावाल्यांनी या कामासाठी जायची गरज नाही, त्यांना बेल्टऐवजी चेन आहे. जुन्या अडीच लिटर डिझेल इनोव्हाला बेल्ट आहे, ओम्नीलाही आहे. इनोव्हाचं काम इथं होतं, ओम्नीचं मी विचारलेलं नाही. जाण्याआधी किट दुकानात आहे का ते बघून घ्या, नाहीतर गाडी उघडी ठेवून पार्सलची वाट बघावी लागते. आणि बेल्ट तुटल्याची शंका असेल तर गाडी ओढून न्या. पुन्हा पुन्हा सेल्फ मारला की उरलेले व्हॉल्व्हही वाकतात.